ओनक्लाउडमधील प्रवेश नियंत्रणाची त्रुटी (सीव्हीई-२०२३-४९१०५) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओनक्लाउड हे स्वतःच्या सर्व्हरवर बसवून चालवता येणारे, फाइली साठवण्याचे आणि इतरांना वाटण्याचे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. २१ नोव्हेंबर २०२३ रोजी त्यातील तीन गंभीर त्रुटी एकाच वेळी जाहीर करण्यात आल्या. त्यांपैकी एकीचा बराच गवगवा झाला, आणि त्या गडबडीत दुसरी मागे पडली. हे पान मुख्यतः त्या दुसरीविषयी, म्हणजे सीव्हीई-२०२३-४९१०५ विषयी आहे (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या त्रुटीला दिला जाणारा सार्वजनिक ओळख क्रमांक), कारण फाइल सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी अशी चूक तिच्यात आहे. ज्यांच्याकडे आजही जुनी आवृत्ती चालू आहे त्यांनी आधी अद्ययावत करण्याविषयीचे उत्तर वाचावे आणि बाकीचे नंतर सावकाश वाचावे.

ही त्रुटी नेमकी काय आहे?

एखाद्या वापरकर्त्याचे नाव ठाऊक असेल, तर त्याचा पासवर्ड माहीत नसतानाही त्याच्या फाइली वाचता, बदलता किंवा पुसून टाकता येत होत्या. त्यासाठी एकच अट होती, ती म्हणजे त्या वापरकर्त्याच्या खात्यावर 'स्वाक्षरीची चावी' तयार झालेली नसावी. मूळ मांडणीत ती तयार झालेली नसतेच. म्हणजे वर्षानुवर्षे नेहमीच्या पद्धतीने सर्व्हर वापरणारी बहुतेक खाती या अटीत आपोआप बसत होती. सीव्हीएसएस या, त्रुटीच्या गांभीर्याला दहापैकी गुण देण्याच्या पद्धतीत तिला ९.८ गुण मिळाले.

कोणत्या आवृत्त्यांमध्ये ही त्रुटी आहे?

ओनक्लाउडच्या गाभ्याच्या १०.६.० पासून १०.१३.० पर्यंतच्या सर्व आवृत्त्यांमध्ये ती आहे. दुरुस्ती १०.१३.१ मध्ये आली. संगणकावर किंवा फोनवर बसवलेल्या ओनक्लाउडच्या ॲपमध्ये हा दोष नाही. तो सर्व्हरवरील प्रणालीत आहे. त्यामुळे केवळ ॲप अद्ययावत करून निर्धास्त होणाऱ्यांचा गैरसमज वेळीच दूर व्हायला हवा.

'आगाऊ स्वाक्षरी केलेला दुवा' म्हणजे काय? तो लागतोच कशाला?

ब्राउझरमधून मोठी फाइल उतरवून घेताना एक अडचण येते. पानावरील साध्या दुव्यावर किंवा चित्रावर ब्राउझर जेव्हा सर्व्हरकडे विनंती पाठवतो, तेव्हा त्या विनंतीसोबत ओळखपत्राचा वेगळा मथळा जोडण्याची सोय नसते. ओळखपत्र जोडायचे झाले तर जावास्क्रिप्टमधून अख्खी फाइल आधी ब्राउझरच्या स्मृतीत आणावी लागते, आणि काही गिगाबाइटच्या फाइलीसाठी ते परवडत नाही. म्हणून अनेक फाइल प्रणालींनी वेगळा मार्ग काढला आहे. त्यात ओळख दुव्याच्या आतच घातली जाते. ओनक्लाउडच्या अशा दुव्यात पाच गोष्टी असतात : वापरकर्त्याचे नाव, दुवा तयार झाल्याची वेळ, त्याची मुदत, कोणती क्रिया करायची ती (वाचणे, लिहिणे, पुसणे इत्यादी), आणि या सर्वांवर केलेली स्वाक्षरी.

ही स्वाक्षरी वापरकर्त्याच्या गुप्त चावीने केली जाते. ती चावी सर्व्हरवर त्या वापरकर्त्याच्या नावापुढे साठवलेली असते आणि नव्या धर्तीच्या वेब क्लायंटने मागितली तरच तयार होते. दुवा समोर आला की सर्व्हर तीच चावी काढतो, स्वतः स्वाक्षरी करून पाहतो आणि दोन्ही जुळल्या तर विनंती त्या वापरकर्त्याचीच आहे असे मानतो. ही कल्पना चांगली आहे आणि इतर अनेक साठवण सेवांतही ती व्यवस्थित चालते. दोष कल्पनेत नव्हता.

मग चूक कुठे झाली?

चावी नसलेल्या वापरकर्त्याचे काय करायचे, हा प्रश्न प्रणालीने स्वतःला विचारलाच नाही. सर्व्हर त्या नावाची चावी शोधायला जाई, ती न सापडल्यामुळे त्याच्या हाती रिकामी अक्षरमाला (एकही अक्षर नसलेला मजकूर) येई, आणि तिलाच चावी समजून तो पुढे स्वाक्षरी करून पाही. आता रिकामी चावी कोणाला ठाऊक नसते? हल्लेखोरही त्याच रिकाम्या चावीने त्याच दुव्यावर स्वाक्षरी करू शकतो. दोन्ही स्वाक्षऱ्या अर्थातच तंतोतंत जुळतात आणि सर्व्हर दार उघडतो.

बँकेतल्या नमुना स्वाक्षरीच्या कार्डाची पद्धत येथे आठवावी. खातेदाराने खाते उघडताना कार्डावर सही दिलेली असते आणि धनादेश आला की कर्मचारी दोन सह्या ताडून पाहतो. एखाद्या खातेदाराने नमुना सही दिलीच नसेल आणि कोणी त्याच्या नावाचा बिनसहीचा धनादेश आणून दिला, तर कोरे कार्ड आणि सहीची कोरी जागा 'जुळली' म्हणून पैसे देणारा कर्मचारी आपल्याला कल्पनेतही पटत नाही. प्रणालीने मात्र हेच केले, कारण तिला जुळणी शिकवली होती, पण जुळवण्यासारखे काही आहे का, हे पाहायला शिकवले नव्हते.

येथे एक बाब मुद्दाम नमूद करावीशी वाटते. ही स्वाक्षरी ज्या पद्धतीने काढली जाते तिच्यात एसएचए-५१२ या प्रमाणित फलनाच्या १०,००० फेऱ्या होतात. चावी अंदाजाने शोधणाऱ्याचे काम त्यामुळे फार अवघड होते. गणिताच्या बाजूने कोणतीही कुचराई झालेली नव्हती. परंतु जी चावी सर्वांना ठाऊक आहे तिच्यावर दहा हजार काय, दहा लाख फेऱ्या केल्या तरी ती गुप्त होत नाही. सुरक्षेचे परीक्षण करताना 'कोणते कूटलेखन वापरले आहे' हा प्रश्न आपण आवर्जून विचारतो. त्याआधी 'चावी कोठून येते आणि ती नसेल तर काय होते' हा प्रश्न विचारला गेला असता, तर ही चूक कागदावरच सापडली असती असे मला प्रामाणिकपणे वाटते.

ही ओळख पटवण्यातील त्रुटी म्हणावी की अधिकार तपासण्यातील?

काटेकोरपणे पाहिले तर ती ओळख पटवण्यातील त्रुटी आहे. 'तुम्ही कोण' आणि 'तुम्हाला काय करण्याची मुभा आहे' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. प्रवेश नियंत्रण या व्यापक शब्दाखाली आपण त्यांचा विचार एकत्र करतो. या प्रकरणात अधिकारांची तपासणी अगदी बरोबर चालू होती. कोणत्या वापरकर्त्याला कोणते फोल्डर दिसावे, कोणाला फक्त वाचण्याची परवानगी आहे, हे सर्व नियम जागेवर होते. पण समोरचा माणूस कोण, याचेच उत्तर चुकल्यामुळे ते नियम बिनचूकपणे चुकीच्या माणसाच्या बाजूने लागू झाले. म्हणूनच 'आमच्याकडे फोल्डरनिहाय परवानग्या फार बारकाईने लावलेल्या आहेत' हे या त्रुटीवरचे उत्तर होऊ शकत नाही. हल्लेखोराला बळी पडलेल्या वापरकर्त्याचे सगळे हक्क मिळतात. त्यात इतरांनी त्या वापरकर्त्याशी वाटलेले फोल्डरही आले.

वापरकर्त्याचे नाव तर बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. मग धोका खरोखर एवढा मोठा आहे का?

होय, मोठा आहे. वापरकर्त्याचे नाव गुप्त ठेवण्यासाठी बनवलेलेच नसते. प्रशासकाचे खाते अनेक ठिकाणी 'ॲडमिन' याच नावाचे असते, आणि इतर नावे ईमेल पत्त्यांवरून, संस्थेच्या संकेतस्थळावरील कर्मचाऱ्यांच्या यादीवरून किंवा आडनाव आणि आद्याक्षर जोडण्याच्या ठरलेल्या पद्धतीवरून सहज ओळखता येतात. ज्या सुरक्षेचा आधार केवळ नाव माहीत नसणे हा आहे, तिला सुरक्षा म्हणू नये.

आमचे पासवर्ड भक्कम आहेत आणि संकेतस्थळ एचटीटीपीएसवर चालते. तेवढे पुरेसे नाही का?

नाही. या मार्गावर पासवर्ड विचारलाच जात नाही, त्यामुळे तो सहा अक्षरी असला काय आणि तीस अक्षरी असला काय, फरक पडत नाही. एचटीटीपीएसमुळे वाटेतल्या तिसऱ्या माणसाला मजकूर वाचता येत नाही, पण येथे हल्लेखोर वाटेत बसलेला नसून थेट दारात उभा आहे.

सर्व्हरवर साठवलेल्या फाइली कूटबद्ध केलेल्या असतील तर?

सर्व्हर एका मुख्य चावीने स्वतःच फाइली कूटबद्ध करत असेल आणि स्वतःच उलगडून देत असेल, तर उपयोग नाही. सर्व्हरच्या दृष्टीने विनंती खऱ्या मालकाची असते, म्हणून तो फाइल उलगडूनच देतो. अशी योजना चोरीला गेलेल्या हार्ड डिस्कपासून वाचवते, फसलेल्या सर्व्हरपासून नाही. फाइल वापरकर्त्याच्या संगणकावरच कूटबद्ध होऊन वर जात असेल तर तिचा मजकूर सुरक्षित राहतो, पण ती पुसली जाण्याचा किंवा तिच्या जागी दुसरी ठेवली जाण्याचा धोका उरतोच.

चोरीपेक्षा फाइल बदलली जाण्याचा धोका अधिक गंभीर आहे असे का म्हटले जाते?

कारण ओनक्लाउडचे मुख्य काम फाइली एकसारख्या ठेवणे हे आहे. सर्व्हरवरची फाइल बदलली की ती बदललेली प्रत काही क्षणांत त्या फोल्डरशी जोडलेल्या प्रत्येक संगणकावर आपोआप उतरते. हल्लेखोराने हिशेबाच्या तक्त्यातील खाते क्रमांक बदलला, किंवा सहकाऱ्यांनी रोज उघडायच्या दस्तऐवजाच्या जागी घातक दस्तऐवज ठेवला, तर तो प्रत्येकाच्या मेजावर विश्वासू फोल्डरमधून, ओळखीच्या नावाने पोहोचतो. ईमेलने आलेल्या अनोळखी जोडपत्राकडे आता बहुतेक जण संशयाने पाहतात. स्वतःच्याच कार्यालयाच्या फोल्डरकडे कोणी तसे पाहत नाही. चोरीचे नुकसान एकदा होते, परंतु कोणत्या कागदावर विश्वास ठेवावा हेच कळेनासे झाले तर त्याचा निस्तार करायला महिने लागतात.

त्याच दिवशी जाहीर झालेल्या इतर दोन त्रुटी कोणत्या?

अधिक गाजलेली त्रुटी सीव्हीई-२०२३-४९१०३ ही होय. तिला पूर्ण १० गुण मिळाले. ग्राफएपीआय नावाच्या जोड-ॲपच्या ०.२.० ते ०.३.० या आवृत्त्यांसोबत बाहेरच्या एका लायब्ररीच्या चाचण्यांच्या फोल्डरमधील एक पीएचपी फाइल तशीच सर्व्हरवर जात होती. तिचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडला की पीएचपीची सर्व माहिती दिसे, आणि सर्व्हर कंटेनरमध्ये (डॉकरसारख्या बंदिस्त आवरणात) चालत असेल तर पर्यावरण चलांमध्ये (प्रोग्रामला सेटिंग्ज पुरवण्याच्या जागेत) ठेवलेला प्रशासकाचा पासवर्ड, मेल सर्व्हरची ओळखपत्रे आणि परवान्याची किल्लीही दिसू शके. ग्राफएपीआय बंद केल्याने ही त्रुटी जात नव्हती, कारण फाइल जागेवरच राहत होती. ती फाइलच काढून टाकावी लागत होती. फेब्रुवारी २०२३ पूर्वीच्या डॉकर कंटेनरमधून मात्र ओळखपत्रे अशी उघड होत नव्हती. तिचा गैरवापर लगेच सुरू झाला. ग्रेनॉइझ या इंटरनेटवरील हालचालींवर लक्ष ठेवणाऱ्या कंपनीला २५ नोव्हेंबरपासून तसे प्रयत्न मोठ्या प्रमाणावर दिसू लागले आणि ३० नोव्हेंबरला अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेने तिची नोंद प्रत्यक्ष गैरवापर होत असलेल्या त्रुटींच्या यादीत केली. त्या काळात शॅडोसर्व्हर या संस्थेच्या पाहणीत इंटरनेटवर उघडे असलेले ११,००० हून अधिक ओनक्लाउड सर्व्हर आढळले होते आणि त्यांत जर्मनीतील सर्व्हरांची संख्या सर्वाधिक होती.

तिसरी, सीव्हीई-२०२३-४९१०४, ओऑथ२ या, पासवर्ड न देता इतर ॲपना प्रवेश देणाऱ्या जोड-ॲपच्या ०.६.१ पूर्वीच्या आवृत्त्यांत होती. उपडोमेनांना परवानगी देणारा पर्याय चालू असल्यास लॉगिननंतरचा परतीचा पत्ता तपासण्यात चूक होई आणि हल्लेखोर आपल्या ताब्यातील डोमेनकडे वापरकर्त्याला वळवू शके. तो पर्याय बंद केल्यास तात्पुरते संरक्षण मिळे.

आम्ही जुनी आवृत्ती चालवत आहोत. आता काय करावे?

सर्व्हर इंटरनेटवरून आत्ताच बाजूला घ्यावा, किंवा किमान संस्थेच्या व्हीपीएनच्या मागे न्यावा. त्यानंतर वेब सर्व्हरच्या नोंदी, विदासंच (डेटाबेस) आणि विन्यासाची (सेटिंग्जची) फाइल यांच्या प्रती दुसऱ्या यंत्रावर काढून ठेवाव्यात. अद्ययावत करण्याच्या घाईत नोंदी पुसल्या गेल्या तर मागे काय घडले हे कधीच कळणार नाही, म्हणून हा क्रम मी आग्रहाने सांगतो. मग देखभाल स्थिती चालू करून दहाच्या मालिकेतील उपलब्ध असलेली सर्वांत नवी आवृत्ती बसवावी. १०.१३.१ मध्ये ही त्रुटी दुरुस्त झाली असली तरी तिथेच थांबण्याचे कारण नाही.

आपली आवृत्ती कोणती हे सर्व्हरच्या स्टेटस पानावरही दिसते. ते पान उघडायला लॉगिन लागत नाही. हल्लेखोरही तेथूनच आवृत्ती पाहतात, हे लक्षात ठेवावे.

आवृत्ती लगेच बदलता येत नसेल तर तात्पुरता उपाय आहे का?

स्वाक्षरीचा घटक असलेल्या सर्व विनंत्या वेब सर्व्हरच्या किंवा त्याच्या पुढे असलेल्या प्रॉक्सीच्या (मध्यस्थ सर्व्हरच्या) पातळीवरच नाकारणे हा त्यातल्या त्यात बरा उपाय आहे. त्यामुळे नव्या वेब क्लायंटमधील काही उतरवणी बंद पडतील, पण जुन्या वेब मुखवट्यावर (इंटरफेसवर) आणि संगणकावरील ॲपवर काम करणाऱ्यांना सहसा अडचण येणार नाही. प्रत्येक वापरकर्त्यासाठी चावी तयार करून ठेवण्याची कल्पनाही काहींना सुचते. तिने आजची खाती झाकली जातात, पण उद्या उघडलेले नवे खाते पुन्हा बिनचावीचेच असते. मी तिच्यावर विसंबणार नाही.

आमच्या सर्व्हरवर याचा गैरवापर झाला होता का, हे कसे ओळखावे?

सुदैवाने हा मार्ग खुणा सोडतो. दुव्यातील नाव, वेळ, क्रिया आणि स्वाक्षरी हे सर्व पत्त्याचाच भाग असल्यामुळे अपाची या वेब सर्व्हरच्या नेहमीच्या नोंदींत ते जसेच्या तसे उतरते. प्रथम वेबडॅव्हच्या (वेबवरून फाइली हाताळण्याच्या पद्धतीच्या) पत्त्यांवर आलेल्या आणि 'ओसी' या अक्षरांनी सुरू होणारे स्वाक्षरीचे घटक असलेल्या विनंत्या वेगळ्या काढाव्यात. त्यांतील यशस्वी ठरलेल्या, म्हणजे २०० च्या घरातील उत्तर मिळालेल्या विनंत्या पाहाव्यात. फोल्डरची यादी मागितल्यास उत्तर २०७ असते, तेही त्यातच धरावे. मग त्या विनंत्यांत आलेल्या प्रत्येक वापरकर्त्याच्या नावासाठी विदासंचातील पसंतींच्या तक्त्यात स्वाक्षरीची चावी आहे का, ते पाहावे.

येथे निष्कर्ष जवळजवळ निर्विवाद होतो. ज्याच्याकडे चावीच नाही तो प्रामाणिक मार्गाने असा दुवा बनवूच शकत नाही. तरीही त्याच्या नावाची विनंती यशस्वी झाली असेल, तर ती घुसखोरी समजूनच पुढची पावले टाकावीत. उलट बाजूची खात्री मात्र एवढी सोपी नाही. आज चावी दिसते म्हणून ती घटनेच्या दिवशीही होती असे नव्हे, आणि पुढे प्रॉक्सी असल्यास तिने पत्त्याचा शेवटचा भाग नोंदींतून गाळलेला असू शकतो.

गैरवापर झाल्याचे दिसले तर?

बदललेल्या फाइली आवृत्ती-इतिहासातून आणि पुसलेल्या फाइली कचरापेटीतून परत मिळतात का ते पाहावे. पण हल्ल्यापूर्वीच्या स्वतंत्र राखीव प्रतीशी (बॅकअपशी) ताडून पाहिल्याशिवाय त्या बरोबर आहेत असे मानू नये. त्या काळात तयार झालेले सार्वजनिक दुवे आणि ॲपसाठीचे पासवर्ड तपासून अनोळखी ते रद्द करावेत. सोबत ग्राफएपीआयची बाधित आवृत्तीही असेल तर प्रशासकाचा पासवर्ड, मेल सर्व्हरची आणि विदासंचाची ओळखपत्रे, तसेच बाह्य साठवणीच्या चाव्या हे सर्व बदलावे.

भारतातील संस्थांसाठी सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश लागू आहेत. त्यांनुसार अनधिकृत प्रवेश किंवा विदागळती लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे आणि प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. सर्व्हर युरोपात असेल तर तेथील विदासंरक्षण नियमानुसार पर्यवेक्षी प्राधिकरणाला कळवण्याची मुदत ७२ तासांची आहे. ज्यांच्या फाइली होत्या त्यांना सांगण्यात संकोच करू नये. माहिती त्यांची असते, सर्व्हर सांभाळणाऱ्याची नव्हे.

मी केवळ वापरकर्ता आहे. मी काय करू शकतो?

सर्व्हर सांभाळणाऱ्याला आवृत्ती विचारावी, आणि उत्तर १०.१३.० किंवा त्याखालचे आले तर हे पान त्याच्या नजरेस आणून द्यावे. आपण इतरांना पाठवलेले साधे वाटपाचे दुवे ही वेगळी गोष्ट आहे. त्यांचा या त्रुटीशी संबंध नाही.

दुरुस्ती कशी केली गेली?

फाइलींच्या मालकाकडे स्वाक्षरीची चावी नसेल तर आगाऊ स्वाक्षरीचा दुवा स्वीकारायचाच नाही, एवढाच नवा नियम आहे.

अशी चूक इतर फाइल सर्व्हरांतही झाली आहे का?

नेमकी हीच नाही, पण तिची भावंडे बरीच आहेत. सांबा या, विंडोजशी फाइली वाटणाऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरमधील सीव्हीई-२०१५-५२५२ घ्या. वाटलेल्या फोल्डरच्या बाहेर नेणारा सांकेतिक दुवा रोखण्यासाठी सर्व्हर पत्त्याची सुरुवात जुळते का एवढेच पाहत होता. त्यामुळे 'हिशेब' हे फोल्डर वाटलेले असेल आणि शेजारी 'हिशेब-जुने' नावाचे खासगी फोल्डर असेल, तर पहिल्यातून दुसऱ्यात जाणारा दुवा सुरुवात जुळल्यामुळे आतलाच समजला जाई. पूर्ण नाव संपले की नाही हे पाहणे राहून गेले होते. डिसेंबर २०१५ मध्ये ते दुरुस्त झाले. प्रोएफटीपीडी या एफटीपी सर्व्हरमधील सीव्हीई-२०१९-१२८१५ मध्ये फाइलीची प्रत सर्व्हरवरच करणाऱ्या दोन जादा आज्ञा होत्या. लिहिण्यावर घातलेले निर्बंध नेहमीच्या आज्ञांना लागू होत, पण या दोन आज्ञांना लागू होत नव्हते.

तिन्ही ठिकाणी पुढचे दार नीट राखलेले होते. चूक झाली ती नंतर जोडलेल्या किंवा क्वचित वापरल्या जाणाऱ्या वाटेवर, आणि अशा परिस्थितीत की जी लिहिणाऱ्याच्या मनात त्या क्षणी आली नव्हती. सर्व्हरवरील एखाद्या नव्या सोयीची चाचणी घेताना ती वापरणाऱ्या माणसासोबत, ती कधीच न वापरलेल्या माणसाच्या खात्यावरही चाचणी घ्यावी. ओनक्लाउडच्या प्रकरणात उघडी पडली ती नेमकी अशीच खाती होती, ज्यांच्या मालकांनी ही सोय कधी मागितलीही नव्हती.